काळी आणि पांढरी

मराठी मुलखात गावाची जमीन दोन रंगांत सांगण्याची रीत फार जुनी आहे. जी नांगराखाली येते ती काळी आणि जिच्यावर घरे, वाडे, देवळे उभी राहतात ती पांढरी; या दोहोंचे मिळून गाव होते. पांढरी हे नाव अलंकार म्हणून पडलेले नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, पावसाने ढासळल्या, त्यांच्याच ढिगाऱ्यावर पुन्हा नव्या भिंती चढल्या; त्यांत चुलीतली राख, गोठ्यातले शेण, जुन्या गिलाव्याचा चुना मिसळत गेला, आणि अखेर गावाखालची माती भोवतालच्या शेतांहून उंच, भुरकट व निराळ्या गुणाची झाली. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांवर हीच माती अंथरीत. लाकडी तुळया, त्यांवर काटक्या व पाला आणि त्यावर वीतभर पांढरी: मृग निघण्यापूर्वी घरधन्याने वर चढून तिचा नवा थर पसरायचा, बडवून सारखा करायचा आणि पन्हळी मोकळी करून खाली उतरायचे, हा दरसालचा नेम होता. पडक्या गढीच्या बुरुजाला जागोजागी खणलेले खड्डे दिसतात, ते पुष्कळदा या मातीसाठीच पाडलेले असतात.

काळीचा स्वभाव नेमका उलट. दख्खनच्या बसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीतील सूक्ष्म चिकण पाणी प्याली की फुगते आणि उन्हात आकसते. चैत्र-वैशाखात कोरड्या रानातून चालताना जिच्यात कोपरापर्यंत हात जाईल अशी भेग पायाशी आढळते, तीच जमीन श्रावणात चाकोरीतील गाडी गिळून बसते. हा गुण कापूस, तूर, ज्वारी यांना वरदान ठरतो, कारण खोल साठलेली ओल पाऊस संपल्यावरही पिकाला पुरते. घराला मात्र तो घातक, कारण पाया दर वर्षी वर उचलला जातो व खाली बसतो आणि भिंतीला तडे जातात. म्हणून काळीत बांधणारा जाणता गवंडी खाली मुरूम लागेपर्यंत खोदतो, आणि ज्याची ऐपत तेवढी नसते त्याचे घर पाचसात पावसाळ्यांत दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके फाटते. ज्यांनी गावे वसविली त्यांना चिकणीची रासायनिक घडण ठाऊक नव्हती, पण चढावरच्या मुरमाड जागी राहावे व खोलगट काळीत पेरावे हे त्यांना पक्के ठाऊक होते. आजच्या परिभाषेत ज्याला भूमी-उपयोगाचे नियोजन म्हणतात, ते त्यांनी अशा रीतीने करून ठेवले होते.

हे नियोजन आपल्या डोळ्यांदेखत मोडत आहे, आणि ते कसे मोडते हे पाहावयाचे तर जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या परिसरात जावे. तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते, पलीकडे बीड जिल्हा लागतो. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग शहागडचा पूल ओलांडून वडीगोद्रीवरून उत्तरेस जातो, आणि त्या महामार्गापासून जवळच हे गाव आहे. पैठणच्या ज्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली आणि ज्याचे लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९७६ रोजी झाले, त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा अंबड-घनसावंगीच्या शिवारांतून पुढे परभणीकडे जातो. त्याच्या बळावर अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती ऊस वाढला. पाणी, पक्का रस्ता आणि कारखाना ही तिन्ही ज्या मुलखात एकत्र आली तेथे जमिनीला भाव आला, आणि जमिनीला जसा भाव आला तसा काळी-पांढरीचा जुना करार सैल झाला.

या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते निराळ्या कारणाने. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी येथे मराठा आरक्षणासाठी उपोषण आरंभिले, १ सप्टेंबरला तेथे पोलिसांचा लाठीमार झाला, आणि १४ ऑक्टोबरला शंभराहून अधिक एकर रानात प्रचंड सभा भरली. त्या मागणीचा निवाडा या प्रकरणात करावयाचा नाही. परंतु त्या दिवसांत सारा महाराष्ट्र जे बोलत होता त्याच्या तळाशी जमिनीचीच गोष्ट होती. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन दप्तरांची बासने सोडविली. ज्या कागदांना कसर लागत होती त्या खासरा पाहणीच्या व जन्ममृत्यूच्या नोंदींत लोक आपल्या पणजोबांची नावे शोधू लागले. आणि ही निकड का उत्पन्न झाली, तर वाटण्या होत होत वावर पुरेनासे झाले म्हणून. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील खातेदाराची सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ च्या गणनेत १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे आजोबांच्या नावे साडेदहा एकर होते तेथे नातवाच्या नावे सव्वातीन एकर उरले. सव्वातीन एकराच्या धन्याला रस्त्याकडेचे दहा गुंठे विकून मुलीचे लग्न किंवा मुलाचे शिक्षण करावेसे वाटले, तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला आहे असे मला तरी वाटत नाही.

आता गावठाणाकडे वळू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस आहे. हद्द एकदा मोजणीच्या दगडांनी बांधली गेली की ती वाढविण्यासाठी प्रस्ताव, संपादन, मोबदला असा लांबचा रस्ता असतो. पण कुटुंबे कोणाची परवानगी घेऊन वाढत नाहीत. एका वाड्यात चार भावांचे चार संसार झाले, ओसरीचे स्वयंपाकघर झाले, परड्यात खोली चढली, बैल गेल्यावर गोठ्याला दार लागले, आणि त्यानंतर जागा संपली. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाखांहून अधिक भरली आणि दर पाच माणसांपैकी चार खेड्यांत राहत होती. त्यांच्यासाठी सरकारने घरकुले मंजूर केली. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर ठरले आहे. ज्यास जागाच नाही त्यास ती विकत घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना प्रारंभी ५० हजार रुपये देई, पुढे ही मर्यादा १ लाखावर नेण्यात आली. घर मंजूर, पैसा मंजूर, आणि जागा कोठे ते ज्याचे त्याने पाहावे, असा हा क्रम आहे. माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

कारण जागा ज्याने त्याने पाहिली की ती रस्त्याकडेला पाहिली जाते. महामार्गापासून फुटणाऱ्या कोणत्याही डांबरी रस्त्याने चालत गेले तर पुढील दृश्य नजरेस पडते: कापसाच्या दोन वावरांच्या मधोमध एक पट्टा नांगरून सपाट केलेला, त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्यांवर तांबड्या रंगाची टोके दिलेले सिमेंटचे खुंट, मध्ये वीस फुटांचा कच्चा रस्ता, आणि बांधावर प्लॉट विकणे असल्याची पाटी. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्याने एकर घेतला त्याने रस्ते सोडून पंचवीस-तीस गुंठे विकले म्हणजे शेतीच्या दराने घेतलेली जमीन घराच्या दराने गेली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यास मनाई केली. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने हे क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीस २० गुंठे आणि बागायतीस १० गुंठे असे ठरले. मनाई असली की वाट काढली जाते: पाचदहा जण मिळून सामाईक खरेदीखत करतात, सातबाऱ्यावर नावांची रांग लागते आणि प्रत्यक्ष ताबा फक्कीच्या रेघांप्रमाणे वाटला जातो. पुढे शासनासच दया येते. २०१७ च्या दुरुस्तीने असे व्यवहार विशिष्ट अटींवर बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची सोय झाली, नंतर ती रक्कम ५ टक्क्यांवर आणली गेली. अडलेल्या माणसाला दिलासा मिळाला, हे चांगले झाले. परंतु घर कोठे व्हावे हा प्रश्न घर होऊन गेल्यावर विचारण्याची सवय त्यामुळे अधिक दृढ झाली.

येथे थोडा हिशेब मांडतो, कारण त्याखेरीज गैरसमज दूर होणार नाही. समजा, एखाद्या गावात येत्या वीस वर्षांत दोनशे नवी कुटुंबे होतील. प्रत्येकास एक पूर्ण गुंठा दिला, आणि रस्ते, गटार, अंगणवाडी, पाण्याची टाकी, स्मशानाची वाट यांसाठी आणखी शंभर गुंठे धरले, तरी ३०० गुंठे होतात, म्हणजे साडेसात एकर. हजार-दीड हजार एकरांच्या शिवारात साडेसात एकर ही काय मोठी जागा! तेव्हा घरे वाढल्याने शेती बुडते हे म्हणणे खरे नाही. शेतीचे नुकसान होते ते ही साडेसात एकर जागा एका ठिकाणी न राहता शिवारभर सांडते म्हणून. वावराच्या तोंडाशी चार घरे झाली की मागच्या खातेदाराची गाडीवाट बंद पडते. पाणंदीवर पायऱ्या येतात. कालव्याच्या पोटचारीवर कोणी फरशी टाकतो, कोणी तिच्यात सांडपाणी सोडतो, आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाळीचे पाणी पोहोचेनासे होते. फवारणीवरून, धुळीवरून, मोकाट गुरांवरून तंटे होतात. मागचे वावर पडीक राहू लागते, मग तेही प्लॉटसाठी निघते. शिवाय त्या विखुरलेल्या चार-चार घरांना नळ, वीज, दिवाबत्ती पोहोचविताना ग्रामपंचायतीचे कंबरडे मोडते ते वेगळेच.

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले असे मात्र नाही. महसूल संहितेत कलम ४२-ड घालण्यात आले. त्याअन्वये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, प्रादेशिक योजना व बांधकाम नियमांच्या अधीन राहून आणि ठरलेला कर भरल्यावर, निवासी वापरासाठी अकृषिक झाल्याचे मानले जाते. हेतू उघड आहे: घरे गावालगत राहावीत आणि शेतकऱ्याचे तहसिलीचे हेलपाटे वाचावेत. पण २०० मीटरच्या दोरीला माती कळत नाही. गावाच्या एका अंगाला मुरमाड माळ असतो, दुसऱ्या अंगाला पुरुषभर खोल काळी. दोरी दोन्हीकडे सारखीच फिरते, आणि रस्ता ज्या अंगाला असेल त्या अंगाची काळी आधी जाते.

माती कळण्याचे साधन आपल्याकडे नाही काय? आहे, आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात जी मोजणी बसविली, तिच्यात प्रत्येक सर्व्हे नंबरात ठिकठिकाणी खणून मातीची खोली हातांनी मोजीत, तिचा रंग व पोत पाहत, चुनखडी, वाळू, उतार, पाणथळ असे दोष नोंदवीत आणि त्यावरून आण्यांमध्ये प्रत ठरवीत. हैदराबाद संस्थानाने आपल्या मराठवाड्याच्या जिल्ह्यांत हीच पद्धत उचलली. त्याच्याही दोन-अडीच शतके आधी, सतराव्या शतकाच्या आरंभी, मलिक अंबराने याच टापूत जमिनीच्या मगदुराप्रमाणे धारा बांधण्याचा प्रघात पाडला होता. प्रतबंदीचे हे काम सारा वसूल करण्यासाठी झाले; पण त्यातून कोणत्या नंबरात किती खोल माती आहे याचे टिपण आपोआप तयार झाले. आज साऱ्याची रक्कम इतकी क्षुल्लक झाली आहे की त्या पुस्तकांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. माझे म्हणणे इतकेच की ज्या दप्तराने शेतकऱ्याकडून सारा घेतला, त्याच दप्तराने आता त्याची काळी राखावी. जुने सर्व्हे नंबर आणि आजचे गट यांचा मेळ घालून, प्रत्यक्ष चार खड्डे खणून पाहून, प्रत्येक गावाचा एक प्रतवार नकाशा होऊ शकतो. ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम पुरंदर तालुक्यातील सोनोरीपासून सुरू झाले आणि २०२० पासून स्वामित्व योजनेच्या रूपाने देशभर चालू झाले. जे यंत्र पांढरीची इंच-इंच मोजणी करते ते काळीची खबर घेण्यास का असमर्थ ठरावे?

या विचाराला एक खोच आहे. घरे हलक्या जमिनीवर न्यावीत असे मी म्हणतो खरे, परंतु जालना जिल्ह्याची मोसंबी, जिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, ती खोल चिकण काळीत नांदत नाही. तिला निचऱ्याची मध्यम जमीन लागते. म्हणजे ज्या चढाला कापूसवाला हलका म्हणतो तो बागवानाच्या दृष्टीने हलका नव्हे. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा टँकरच्या पाण्यावर झाडे जगविणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली, ते अशा बागेवर आवासाची रेघ ओढण्याचे मनातही आणणार नाहीत. आणखी एक गोष्ट. महसुली भाषेत ज्याला पोटखराबा म्हणतात तो खडकाळ भागही आता यंत्राने सपाट करून, तलावातला गाळ वाहून आणून, शेतकरी लागवडीखाली आणीत आहेत. एकीकडे ट्रॉलीमागे पैसे मोजून माळावर माती नेली जाते आणि त्याच गावात रस्त्याकडेची हजारो वर्षांत बनलेली माती सिमेंटखाली जाते, हे पाहून जीव कळवळतो.

मग गायरानावर घरे बांधावीत, असा सोपा सल्ला कोणी देतो. त्याला मी फार जपून उत्तर देईन. गायरान हा गुरांचा व गोरगरिबांचा आधार. २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले, ते याच कारणासाठी. दुसरीकडे मराठवाड्यात ज्यांच्या वाट्याला काळीही आली नाही व पांढरीतही मोकळी जागा आली नाही, अशा दलित व भटक्या कुटुंबांनी गायरानाचा पडीक तुकडा फोडून त्यावर पोट भरले. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून ही मागणी चालत आली आहे, आणि १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची काही अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ज्या जमिनीवर चाऱ्याचा, भुकेचा आणि न्यायाचा असा तिहेरी हक्क आहे, तिच्यावर चौथा हक्क लादण्यापूर्वी गावाने हजारदा विचार करावा.

सरकारने स्वतः जागा निवडून गावे बसविली तर काय होते, याचाही मराठवाड्याला अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या ठिकाणी वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे दिली, रुंद रस्ते सरळ आखले, आणि जुन्या दाटीवाटीच्या गावाने जेवढी जागा व्यापली होती तिच्या कैक पट शेतजमीन नव्या गावाखाली गेली. भूकंपाच्या भयाने खचलेल्या लोकांना मोकळी जागा हवी होती, हे समजण्याजोगे आहे. तरी शेजाराची ऊब गेली, विहीर आणि पार यांची सांगड तुटली, आणि म्हातारी माणसे सरळ रस्त्यांच्या उन्हात एकटी पडली, अशी हळहळ तेथे ऐकू येते. गावठाण वाढवावयाचे ते जुन्या पांढरीला खेटून, गल्लीला गल्ली जोडून वाढविले पाहिजे, हा धडा त्यातून घेता येतो.

परदेशात याच प्रश्नावर एक उपाय योजला गेला आहे, त्यातील एक शब्द आपल्या ओळखीचा आहे. वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या मेरीलँड राज्यातील मॉन्टगोमेरी काउंटीने, म्हणजे तेथल्या जिल्ह्याने, १९८० साली सुमारे ९३ हजार एकर शेतीचा राखीव पट्टा आखला आणि त्यात २५ एकरांस एकच घर असा नियम केला. घरे बांधण्याचा शेतकऱ्याचा हक्क असा आखडला, पण तो बुडविला नाही. तो हक्क शहरालगतच्या बांधकाम करणारास विकण्याची मोकळीक त्याला दिली, म्हणजे शेतही राहिले आणि पैसाही मिळाला. या हस्तांतरणीय विकास हक्काला मुंबईत १९९१ पासून टीडीआर म्हणतात, आणि तो इमारतींचे मजले चढविण्याचे साधन म्हणूनच आपण ओळखतो. जालना शहराच्या वाढीतून निघणाऱ्या नफ्याचा वाटा अंबड तालुक्यातील काळी राखणाऱ्या शेतकऱ्यास का मिळू नये, असा प्रश्न कोणत्याही अधिकृत कागदात विचारलेला माझ्या वाचनात नाही.

तो विचारणारी जागा घटनेने निर्माण केलेली आहे. ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-झेडडी प्रमाणे जिल्हा नियोजन समितीने पंचायती व नगरपालिका यांच्या समान हिताच्या गोष्टी, त्यांतही जागेचे नियोजन आणि पाण्याची वाटणी, लक्षात घेऊन जिल्ह्याचा मसुदा करावयाचा असतो. प्रत्यक्षात समितीची बैठक म्हणजे निधीचे वाटप, असे समीकरण होऊन बसले आहे. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही सभामंडप, पेव्हर ब्लॉक, नाली अशी कामांची यादी असते, पण गाव कोणत्या बाजूने वाढावे हे दाखविणारा नकाशा नसतो. आराखड्याला नकाशा जोडल्याखेरीज मंजुरी नाही, आणि घरकुलांच्या संख्येबरोबर गावठाण विस्ताराचे क्षेत्र त्याच बैठकीत ठरल्याखेरीज उद्दिष्ट नाही, एवढे दोन नियम समितीने केले तरी अर्धे काम होईल. विस्तारासाठी ज्याची जमीन घ्यावयाची त्याला घराच्या दराने मोबदला दिलाच पाहिजे. एकट्याच्या त्यागावर गावाची सोय उभारणे हा अन्याय होय.

वाचकहो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी आपल्या गावी ग्रामसभा भरते. तिला जाण्यापूर्वी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात साधा अर्ज देऊन आपल्या गटाच्या जुन्या प्रतबंदीची व गावनकाशाची नक्कल काढा, शेजाऱ्यासही काढावयास सांगा, आणि त्या नकला पंचायतीच्या भिंतीवर एकमेकींना जोडून लावा. पुढची दोनशे घरे कोठे बांधायची, हे त्या भिंतीसमोर उभे राहून ठरवा.